काकीच्या बाजूचा स्पीकर

आमच्या ह्यांचं पहिलं लग्न गाणी ऐकायच्या त्या रिसीव्हरशी झालं, दुसरं माझ्याशी. हे मी चारचौघांत सांगते आणि हे नुसते हसतात, कारण त्यात खोटं काहीच नाही. काळा, जडशीळ, पुढे वाटीएवढं गोल बटण असलेला तो रिसीव्हर आणि त्याचे लाकडी पेटीतले दोन स्पीकर. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या हॉलमध्ये ते इतकी वर्षं मानाने बसले होते, की एखाद्या पाहुण्याला उभं राहावं लागलं असेल, पण त्यांना कधी कोणी हलवलं नाही. पुढे टीव्हीखाली लावायची ती लांबुळकी पट्टी घरात आली आणि हे सगळं माळ्यावर गेलं. विकायचं नाव काढलं की ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

ते मी मागच्या वर्षी माळ्यावरून खाली काढलं, गोधडीत गुंडाळलं आणि पेणच्या पलीकडे, जित्याहून आत खाडीकडे गेलं की जे गाव लागतं, तिथे आत्याकडे घेऊन गेले. हे मला निरोप द्यायला फाटकापर्यंत आले. मला म्हणजे, रिसीव्हरला.

आत्या ही माझ्या वडिलांची बहीण. ती आणि तिची धाकटी जाऊ, जिला मी काकी म्हणते, दोघी एकाच अंगणात राहतात आणि दोघी धवलारणी आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या खाडीपट्ट्यात लग्न म्हटलं की धवलारीण लागते. देव मांडवात येतात ते तिच्या बोलावण्याने, हळद लागते ती तिच्या गाण्यावर. त्या गाण्याला धवला म्हणतात. कुठे लिहिलेलं नाही, छापलेलं नाही, सगळं तोंडी. आत्या त्याला गाणंही म्हणत नाही, ‘बोलणं’ म्हणते. आत्याच्या गावात तो दोघी मिळून बोलतात. पुढची एक ओळ बोलते आणि मागची तीच ओळ उचलून परत देते. आत्या पुढची, काकी मागची.

मागची म्हणजे कमी, असं कोणाला वाटत असेल तर त्याने एकदा करून बघावं. पुढचीने श्वास कुठे सोडला, सूर कुठे टेकवला, हे ऐकता ऐकताच तिथून उचलायचं, आणि अशा बेताने की ऐकणाऱ्याला मधली फट कळता कामा नये. ह्या दोघी हे सगळं उन्हातान्हात मिठागरात राबून, घरी येऊन पाट्या धुऊन, मग करायच्या. लग्नसराईत तर घसा बसला तरी चालूच. मला लहानपणापासून ह्या दोन बायांचं इतकं कौतुक, की शाळेत मोठेपणी कोण होणार विचारलं तेव्हा मी धवलारीण म्हटलं होतं आणि बाईंनी वर्गाला हसू दिलं होतं. मी झाले नाही ते सोडा. माझा आवाज फाटक्या पडघमासारखा आहे.

तर गेल्या साली गणपती उठले आणि काकी एका सकाळी चुलीपुढेच कलंडली. अर्धांगाचा झटका. पेणच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला, उजवा हात महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू हलायला लागला. पण वाचा गेली ती गेलीच. समजायचं सगळं. कोण आलं, कोण गेलं, कोणी भातात मीठ जास्त टाकलं, सगळं. बोलायला जायची आणि तोंडातून ‘बा, बा’ एवढंच. पाणी पाहिजे तर तांब्याकडे बोट. स्वतःच्या सुनेला हाक मारता यायची नाही म्हणून ती भिंतीवर हात आपटायची. तोंडाळ बाई हो ती! बाजारात कोळंबीचा भाव पाडायला तिला सगळ्या पुढे घालायच्या.

आणि त्यात तिच्या नातीचं लग्न ठरलेलं, वैशाखात. पोर पेणला कंपनीच्या ऑफिसात नोकरी करते, स्वभावाने आजीसारखीच, एक शब्द द्या, चार घ्या. ती पाळण्यात असल्यापासून काकी म्हणत आली होती की हिचा धवला मी बोलणार, मगच डोळे मिटणार. आता काय करायचं? शेजारच्या गावातली दुसरी कोणी मागची आणू, असं घरातल्या पुरुषांनी सुचवलं. आत्याने एकदाच उत्तर दिलं.

“माझी मागची ती हाय. ती नाय बोलली तर मी बी नाय बोलणार. लावा तुमचा डीजे.”



माझ्याकडे एक गोष्ट होती. माझ्या लग्नात ह्याच दोघींनी धवला बोलला होता आणि माझ्या भावाने तो टेप केला होता. त्याला तेव्हा त्या गोष्टींचं भारी वेड. वाजंत्र्यांच्या गोंगाटात आवाज हरवू नयेत म्हणून त्याने दोन माइक लावले, एक आत्याच्या तोंडापुढे, एक काकीच्या, म्हणजे टेपच्या डाव्या बाजूला आत्या आणि उजव्या बाजूला काकी. पुढे त्याची कॅसेट गेली, पण त्याआधी त्याने ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं आणि आता ते माझ्या मोबाईलमध्ये आहे. मी ते काकीला ऐकवलं होतं. तिने मोबाईल हातात घेतला, मागून पुढून फिरवून बघितला, डोळे पुसले आणि परत दिला. आत्या म्हणाली, “आमाला डबीत कोंडल्यावानी वाटतंय गो.” त्यावरून माझ्या डोक्यात आलं की घरात माळ्यावर एवढं धूड पडलंय, त्याच्यावर लावून दाखवू. दुसरं काही मनात नव्हतं. म्हाताऱ्या दोघींनी आपलाच आवाज जरा मोठ्याने, नीट ऐकावा, एवढंच.

ह्यांची तेव्हा सेकंड शिफ्ट होती, नागोठण्याला. म्हणून हे आले नाहीत आणि जोडायचं काम माझ्यावर आलं. “सोपं आहे गं,” हे म्हणाले, “लाल लालला, काळी काळीला.” सगळ्याच पुरुषांना स्वतःला येणारं काम सोपं वाटतं.

दुपारची वेळ. आत्या ओसरीवर मोड आलेले वाल सोलत बसलेली. काकी दाराशी खुर्चीत. मी रिसीव्हर टेबलावर ठेवला, एक स्पीकर डावीकडे आत्याच्या जवळ, दुसरा उजवीकडे स्टुलावर, तो नेमका काकीच्या खुर्चीला लागून. मुद्दाम नाही, स्टूल तिथेच होतं. मग रिसीव्हरच्या मागे गेले. मागच्या बाजूला लाल-काळ्या चिमट्यांची रांग. चिमटा दाबायचा, तारेचं उघडं टोक आत घालायचं, सोडायचा. तारा जुन्या, टोकं काळी पडलेली. विळीवर प्लॅस्टिक सोलून नवीन टोकं काढली, काकीच्या सुनेच्या मोबाईलवरून ह्यांना फोन लावला, तो कानाला खांद्याने धरला आणि सगळं जोडून बटण दाबलं. रिसीव्हरचा दिवा लागला, खट्ट आवाज झाला आणि आपला आपण बंद झाला.

“बिघडला तुमचा लाडका,” मी म्हटलं.

“बिघडला नाही. तारेचे केस मोकळे राहिले असतील, लालचे काळ्याला चिकटले. पीळ घाल नीट.”

“केस माझे मोकळे झालेत इथे!”

आत्या वाल सोलता सोलता खुदकन हसली. मी पुन्हा खाली वाकले, एकेक टोक थुंकी लावून वळलं आणि ह्या खेपेला काही बाहेर राहायलाच नको म्हणून तारा आत अशा खुपसल्या की बस्स. बटण दाबलं. दिवा लागला, राहिला. माझ्या मोबाईलची वायर जोडली, धवला लावला.

आणि आत्याचा आवाज घरात भरला. तिचा आजचा नाही, तेव्हाचा, उभ्या बांध्याचा आवाज. डबीतला नव्हे, ओसरीतला. “अगो बाई!” आत्याच्या हातातला वाल उडाला. “ही मी?” पण आला तो फक्त डाव्या स्पीकरमधून. उजवा ठार गप्प. आत्याची ओळ संपायची आणि काकीच्या जागी नुसता पोकळपणा. आत्याच्या माइकमध्ये काकीचा आवाज जरासा शिरला होता तेवढाच, दोन घरं पलीकडून यावा तसा. मी रिसीव्हरच्या मागे ओणवी होऊन उजवीकडची तार हलवतेय, दाबतेय, ह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय आणि हे कानात विचारतायत, “लाल लालमध्येच आहे ना?” वर गाणं चालूच. आत्याची ओळ, पोकळ. आत्याची ओळ, पोकळ.

आणि मग उजवीकडून ओळ आली. परत दिलेली. नीट, सुरात.

“लागला! लागला!” मी खालूनच ओरडले. घाम पुसला, म्हटलं सुटले बाई. पण पुढची ओळ आली तेव्हा वाटलं, हा आवाज असा का येतोय? जड, सावकाश, जरा घोगरा. स्पीकर खराब झाला की काय म्हणून मी डोकं वर काढलं.

स्पीकर गप्पच होता. काकी बोलत होती.

खुर्चीत ताठ बसून, डोळे मिटून, ज्या बाईला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं ती अख्खीच्या अख्खी ओळ बोलत होती. डाव्या स्पीकरमधून आत्या पुढची ओळ टाकायची आणि काकी ती उचलून परत द्यायची. एकही शब्द गाळला नाही. मी तशीच गुडघ्यावर बसून राहिले. आत्याने मला हाताने खूण केली, हलू नको, काही करू नको. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. गाणं संपलं. काकीने डोळे उघडले, आमच्याकडे बघितलं, काहीतरी सांगायला गेली आणि तोंडातून आलं, ‘बा, बा’. मग आम्ही तिघी गळ्यात गळा घालून रडलो. फोनमध्ये हे ओरडत होते, “हॅलो! उजवा वाजला का?”

“वाजला,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

काय झालं होतं ते नंतर कळलं. मी तार इतकी आत खुपसली होती की चिमट्याने तांब्याऐवजी प्लॅस्टिकच धरलं होतं. हे म्हणाले, अर्ध्या पेराएवढी बाहेर ओढ, लगेच वाजेल. मी म्हटलं, त्या तारेला कोणी बोट लावलं तर गाठ माझ्याशी आहे. पेणच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, होतं असं, बोलण्याची जागा वेगळी आणि गाण्याची वेगळी, एक गेली तरी दुसरी राहते कधीकधी. असेल. मला त्यातलं कळत नाही. मोबाईलवर दोघींचे आवाज एकत्र येत होते, तेव्हा काकीची जागा भरलेली होती, म्हणून ती नुसती ऐकत राहिली. इथे तिची जागा रिकामी मिळाली. इतक्या वर्षांत आत्याची ओळ अशी लोंबकळत ठेवलीय का तिने कधी? नाही ठेववलं तिला. मला कळतं ते एवढंच.

एकदा खात्री करायची म्हणून मी उजवी तार नीट बसवून दोन्ही स्पीकर लावून बघितले. काकी हसत मान डोलवत बसली, ओठ हलवला नाही. तार काढली, आत्याची ओळ झाली की काकी सुरू. मग तार काढलेलीच राहिली.

तो टेप मी काकीच्या सुनेच्या मोबाईलमध्ये टाकून दिला, आणि त्यानंतर रोज दुपारी जेवणं झाली की दोघी बसायच्या. आठवड्यातून एकदा मी रोह्याहून गाडीने जायची. आत्या डाव्या स्पीकरजवळ बसून आपल्याच जुन्या आवाजाबरोबर बोलायची, आणि रिसीव्हरचं ते गोल बटण ती दर चार दिवसांनी जरासं मागे फिरवायची. टेपमधली आत्या बारीक होत गेली, ओसरीवरची आत्या मोठी होत गेली, आणि काकीला कळलंही नाही. होळीनंतर एका दुपारी गेले तर रिसीव्हर बंद, वर मच्छरदाणी वाळत टाकलेली आणि दोघी समोरासमोर बसून देवांना बोलावतायत. आत्या चार यत्तासुद्धा शिकली नाही, तिला हे कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. मी तर तिच्या पाया पडले. “उठ गो, नाटकं करू नको,” म्हणाली.

पण एक घोळ झालाच होता आणि तो सगळ्यांच्या ध्यानात आला होता. धवल्यात नवरीचं नाव घ्यावं लागतं. हळद कोणाच्या अंगाला लागते, बाशिंग कोणाच्या कपाळी, ओळीओळीला नाव. आणि टेप माझ्या लग्नाचा. काकीचं गेलेलं गाणं परत आलं ते माझ्या नावासकट आलं. आत्या ओळीत नातीचं नाव घालायची आणि काकी परत देताना माझं द्यायची. हळू करून बघितलं, तोडून बघितलं, पोरीला समोर बसवून बघितलं. काकीला चुकतंय ते कळायचं. ती स्वतःच्या तोंडावर चापट मारून घ्यायची, पुन्हा सुरू करायची आणि पुन्हा माझंच नाव यायचं. मला तिथे बसवेना. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि आत्या नावाच्या बाबतीत किती कडक, हे सगळ्या खाडीपट्ट्याला ठाऊक! एका लग्नात तिला नवऱ्याच्या मामाचं नाव कोणीतरी उलटं सांगितलं होतं. कळल्यावर तिने वऱ्हाड थांबवून, वाजंत्री थांबवून, धवला मुळापासून परत बोलला. जेवणाच्या पंगती खोळंबल्या तरी ऐकलं नाही. नाव चुकलं तर हळद कोणाला लागली? असा तिचा सवाल. म्हणून मी तिला विचारलं, आता कसं करायचं? नावाच्या ओळी तू एकटीने बोल, काकी गप्प राहील.

“ती गप बसली तर परत उठायची नाय,” आत्या म्हणाली. “बघू मांडवात.”

हळदीचा दिवस आला. अंगणात मांडव, पाटावर पोर, अंगभर पिवळी. नवऱ्याकडच्या बाया उष्टी हळद घेऊन आलेल्या, सगळ्या नटूनथटून, सगळ्यांचे कान इकडे. काकीला नऊवारी नेसवून आत्याच्या मागे बसवली. देवांचं बोलावणं झालं. काकीचा आवाज थरथरला, पण लागला. मुकी झालेली बाई बोलतेय म्हणून बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. माझा ऊर भरून आला होता आणि त्याच वेळी मी मनात ओळी मोजत होते, कारण हळदीची ओळ जवळ येत होती.

आत्याने ओळ टाकली. नातीचं नाव स्वच्छ घेतलं. काकीने ओळ उचलली आणि माझं नाव घेतलं.

मांडवात कुजबुज उठली. नवऱ्याकडची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “कोणाचं नाव घेतलं ते? हे बरं नाय हां.” पोरीच्या आईचा चेहरा पांढरा पडला. काकीने सगळं ऐकलं. तिचा हात तोंडाकडे गेला, ओठ मिटले, आणि ती आत आत जायला लागली, ती चुलीपुढे कलंडल्यानंतर जशी झाली होती तशी. मी मागून तिच्या खांद्याला हात लावला. संपलं, मला वाटलं. आता ही कायमची संपली.

आत्याने मागे वळूनही बघितलं नाही. तिने श्वास घेतला आणि पुढची ओळ टाकली. त्यात तिने माझं नाव घेतलं.

मोठ्याने, खणखणीत. मांडवाच्या टोकाला ऐकू जाईल असं. मग काकीने ओळ उचलली, माझ्याच नावाने, आणि दोघींच्या तोंडचं नाव एक झालं. पुढची ओळ, पुन्हा माझं नाव. त्याच्या पुढची, पुन्हा. पाटावरची पोर आधी चमकली, मग हळदीच्या तोंडाने हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. शेवटच्या ओळीपर्यंत काकी कुठे अडली नाही.

धवला संपला तशी ती म्हातारी उठून आत्यापुढे आली. “सगळा धवला दुसरीच्या नावाने बोललात तुमी. चुकलात.”

“व्हय,” आत्या म्हणाली. “मी चुकले.”

“पण आधी तर ती मागची—”

“मागची काय करते? पुढची बोलली तेच परत देते,” आत्या म्हणाली आणि काकीचा हात धरून तिला उठवू लागली. “चूक पुढचीची असते. पुढची मी हाय.”